पहाटेच्या वाऱ्यासाठी पातळ ग्लोव्ह्ज सुचवा

पेडलपाटील (नाशिक):
थंडीत पहाटे साडेपाचला सायकलने निघून त्र्यंबकला जाऊन येतो. पारा १० च्या आसपास असतो. जाताना चढामुळे अंग तापतं, पण परतीला बोटं अशी आखडतात की ब्रेक किती दाबला तेच कळत नाही. सध्या घरचे लोकरीचे हातमोजे वापरतोय, वारा आरपार जातो. दुकानात दाखवतात ते मोटरसायकलचे जाडजूड. ते घालून गिअर बदलायचा कसा? ड्रॉप हँडलची (खाली वळलेल्या हँडलची) रोडबाइक आहे. ऊन चढल्यावर जर्सीच्या खिशात मावतील असे हवेत.

सुसाट_सातपूर:
मेडिकलमधले नायट्राइलचे ग्लोव्ह्ज लोकरीच्या आत घाला. स्वस्त आणि मस्त.

वाईकरीण:
सुसाट, तासाभराने बोटं घामाने चिंब होतात आणि मग जास्त गारठतात. अडीनडीला ठीक.

पाटील, लोकर उबदारच असते, पण तिच्या विणीतून वारा घुसतो. ताशी ३० च्या वेगात १० अंशांची हवा कातडीला साडेसहासारखी लागते. आणि हूडवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर, हात असले की हा वारा थेट बोटांच्या मागच्या बाजूवर येतो. म्हणून वारा अडवणारी झिल्ली फक्त मागच्या बाजूला हवी. तळवा पातळच बघा, नाहीतर लिव्हर हाताला कळत नाही.

लेबलावर 'विंडप्रूफ' काय, कुणीही छापतं. मागच्या बाजूला ओठ टेकवून जोरात फुंकर मारा. आत घातलेल्या बोटाला हवा लागली तर जोडी तिथेच ठेवून या. दुकानदार टकमक बघतो, बघू दे.

साइज हात सरळ ठेवून ठरवू नका. मूठ वळवून, ब्रेक धरल्यासारखं करून बघा. घट्ट ग्लोव्हमध्ये रक्त नीट फिरत नाही, मग झिल्ली कितीही भारी असो, बोटं गारच. नखापुढे थोडी जागा हवी. मनगटाची पट्टी बाहीखाली नीट जाईल इतकी लांब घ्या. पसरणी घाट उतरताना त्या उघड्या फटीतून वारा कोपरापर्यंत चढतो.

वॉटरप्रूफवर पैसे घालू नका. आपल्याकडे डिसेंबरात पाऊस कुठला, घाम मात्र आत साठतो. अंगठ्यावर टॉवेलसारखं कापड असेल तर उत्तम, ते नाक पुसायला असतं. हसू नका, उतारावर कळेल.

पेडलपाटील:
फुंकरीची युक्ती झकास, ताई! अजून एक. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ऊन आल्यावरही सुन्न असतं. जाड ग्लोव्ह घेऊ का?

वाईकरीण:
नको. ती थंडी नव्हे. तळव्याच्या करंगळीकडच्या बाजूला अल्नार नस दाबली जाते, तिचं काम आहे ते. हाताची जागा सारखी बदलत राहा, कोपरं सैल ठेवा. आणि सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना ते बघा, तसं असेल तर सगळा भार हातांवर येतो. तरी गेलं नाही तर बाइक फिटिंग, म्हणजे सीट-हँडल अंगाच्या मापाने बसवून घ्या. जेल भरलेल्या जाड तळव्याने उलट जास्त दाबतं कधीकधी.

उट्रेख्तचा_बंड्या:
इकडे एप्रिल आणि ऑक्टोबर म्हणजे तुमचा डिसेंबर, वर तोंडावर वारा. बऱ्याच ग्लोव्ह्जवर तापमान लिहिलेलं असतं. ५ ते १५ अंशांवाले घ्या. शून्याच्या आसपासचे घेतलेत तर त्र्यंबकला पोहोचेपर्यंत हात उकडतील. मी पातळ विंडप्रूफच्या आत मेरिनो लोकरीचं लायनर (आतला पातळ हातमोजा) घालतो, ऊन आलं की लायनर खिशात. पण त्याची जागा साइज बघतानाच धरा.

पेडलपाटील:
लायनर घालूनच बघतो मग. धुवायचे कसे हे?

वाईकरीण:
गार पाण्यात, साध्या साबणाने, हाताने. फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको. पिळू नका आणि सावलीत वाळवा.