एलिंग्टनचं न्यूपोर्ट: टाळ्या मागाहून चढवल्या तर ती तबकडी लाइव्ह कशी?

मंद्रसप्तक:
अमेरिकन जॅझ पियानोवादक, रचनाकार आणि वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन यांची सगळ्यांत जास्त खपलेली तबकडी म्हणजे 'एलिंग्टन अ‍ॅट न्यूपोर्ट'. जॅझच्या थोर लाइव्ह तबकड्यांमध्ये तिचं नाव हमखास घेतलं जातं. माझ्या मते 1956 ची मूळ तबकडी त्या मानाला पात्र नाही.

7 जुलै 1956 च्या रात्री एलिंग्टन यांचा वाद्यवृंद अमेरिकेतल्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात वाजला. बिली स्ट्रेहॉर्न यांच्यासोबत खास महोत्सवासाठी रचलेला तीन भागांचा सूट (एकत्र वाजवायच्या रचनांची माळ) तालीम कमी पडल्यामुळे कच्चा उतरला. म्हणून निर्माते जॉर्ज अवाकियन यांनी 9 जुलैला न्यूयॉर्कच्या स्टुडिओत तो पुन्हा वाजवून घेतला आणि वर प्रेक्षकांचा गलका चढवला. तबकडीचा निम्म्याहून जास्त भाग असा तयार झालेला आहे. वर नाव मात्र 'न्यूपोर्ट'. ही ऐकणाऱ्याची फसवणूक आहे.

पितळी:
फसवणूक हा शब्द फार जड झाला. नवी रचना कच्ची वाजली तर ती नीट वाजवून लोकांपुढे ठेवण्याचा हक्क रचनाकाराला आहेच. आणि काळ बघा. बिग बँडचे, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदांचे, दिवस सरले होते, एलिंग्टन यांना कामं मिळवताना झगडावं लागत होतं. या रात्रीनंतर 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांचा चेहरा आला, वाद्यवृंद पुन्हा उभा राहिला. आपल्याकडच्या मैफलींच्या कॅसेटांतूनसुद्धा तानपुरे लावणं, खोकणं, मधली लांबण कापतातच की.

मंद्रसप्तक:
कापणं वेगळं, चढवणं वेगळं. कापल्यावर जे उरतं ते त्या रात्रीचंच असतं.

पुन्हा वाजवायलाही माझी हरकत नाही. हरकत आहे ती उसन्या टाळ्यांना. त्याच रात्रीचा, वाद्यवृंदातल्या पॉल गोन्साल्विस यांचा टेनर सॅक्सोफोनचा तुकडा ऐका. एलिंग्टन यांच्या 1937 च्या 'डिमिन्युएन्डो इन ब्लू' आणि 'क्रेसेंडो इन ब्लू' या दोन रचनांना जोडण्यासाठी ते उभे राहिले आणि 12 बारच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा खंड) ब्लूजची 27 आवर्तनं सलग वाजवली. साथीला बहुतेक वेळ फक्त पियानो, जिमी वूड यांचा बेस आणि सॅम वुडयार्ड यांचे ड्रम. सुरुवातीला लोक शांत आहेत. मग एक बाई उठून नाचायला लागतात, भोवतालचे उठतात, आरोळ्या वाढत जातात आणि ड्रमचा रेटाही वाढतो. वाजवणारे आणि ऐकणारे एकमेकांना वर खेचतात. मैफलीत दाद नेमक्या जागेवर आली की गायक त्याच जागेवर पुन्हा येतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. स्टुडिओतल्या सूटवर चढवलेल्या गलक्यात हे नाही. ती दाद त्या सुरांना दिलेलीच नाही.

गोरखकल्याण:
गोन्साल्विस म्हणजे गोव्याचे का? मुंबईच्या सिनेसंगीतात इतके गोंयकार वादक होते, म्हणून विचारतोय.

पितळी:
नाही. जन्म अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सचा, घराणं केप व्हर्द बेटांवरचं. तिथेही पोर्तुगीजांचं राज्य होतं, म्हणून आडनाव सारखं. मात्र 1963 च्या भारत दौऱ्यात एलिंग्टन यांचा वाद्यवृंद मुंबईत वाजून गेला आहे.

काळी चार:
मंद्रसप्तक, तुम्ही बहुतेक या तबकडीच्या 1999 च्या नव्या आवृत्तीकडे बोट दाखवणार, म्हणून आधीच लिहितो. गोन्साल्विस त्या रात्री तबकडी काढणाऱ्या कोलंबिया कंपनीचा माइक सोडून 'व्हॉइस ऑफ अमेरिका' रेडिओच्या माइकसमोर वाजले. त्यामुळे 1956 च्या तबकडीवर त्यांचा आवाज लांबून येतो. पुढे रेडिओची टेप सापडली आणि फिल शाप यांनी दोन्ही मोनो टेपा जुळवून स्टीरिओ तयार केला. पण तो स्टीरिओ तरी न्यूपोर्टच्या मैदानात कुणी ऐकला होता? दोन संस्थांचे दोन माइक, त्यांचे आज केलेले डावे आणि उजवे कान. तीही जुळवाजुळवच. मला तर तो लांबून येणारा सॅक्स जास्त खरा वाटतो. गर्दीत मागे उभं राहून ऐकताना असाच ऐकू येईल.

मंद्रसप्तक:
मुद्दा चांगला आहे, पण मला पटत नाही. दोन्ही टेपांत त्याच रात्रीची हवा आहे, तेच श्वास आहेत. जुळवताना बाहेरचं काही आत आणावं लागलेलं नाही. शिवाय 1999 च्या संचात त्या रात्रीचा कच्चा सूटही आहे आणि स्टुडिओतलाही आहे, दोन्ही वेगवेगळे ओळखू येतात. कच्चा सूट मी आवडीने ऐकतो. नव्या रचनेशी झगडणारा एवढा मोठा वाद्यवृंद ऐकायला मिळणं हे भाग्य आहे.

पितळी:
तुम्हाला कच्चा आवडतो, मला नाही. सूटमधला 'ब्लूज टू बी देअर' हा भाग स्टुडिओत जास्त निवांत आणि भरदार उतरलाय. स्ट्रेहॉर्न यांची कारागिरी तिथे कळते. ती फेकून द्यायची का?

मंद्रसप्तक:
अजिबात नाही. ते वादन ठेवा, टाळ्या काढा आणि खाली छापा: 9 जुलै 1956, स्टुडिओ, न्यूयॉर्क.