लहर असली म्हणजे पोट रिकामं होतंच असं नाही
अन्ननलिका काढून तिच्या जागी जठराची नळी बसवायच्या ऑपरेशनात व्हेगस नस (मेंदूकडून जठराकडे येणारी) कापली की जठर कायमचं थंड पडतं, मग ईजीजी (जठराच्या विद्युत लहरींची नोंद) काढून उपयोग काय, असं काही जण म्हणतात. नस कापली जाते हे खरंच, पण जठराची लय नसेतून येत नाही. ती भिंतीतल्या काजाल पेशींची, मिनिटाला साधारण ३ लहरी. जठराची नळी करून छातीत ओढली तरी मोठ्या वक्रतेकडचा, लय उठवणारा भाग बहुधा शाबूत राहतो. एवढंच की ईजीजीच्या चकत्या (इलेक्ट्रोड) पोटावर चिकटवून भागत नाही, जठरच वर गेलेलं असतं. छातीवर लावल्या की हृदयाचे ठोकेही पकडले जातात, पण ते मिनिटाला ६०-१००, त्यामुळे गाळून काढता येतात.

मात्र लहर दिसली म्हणजे अन्न पुढे सरकतंय असं नाही. आमच्या परभणीच्या मामांचं हे ऑपरेशन संभाजीनगरला झालं. ईजीजी कुणी सुचवलाच नाही. तक्रार वाढल्यावर किरणोत्सारी खुणेचं जेवण देऊन ते जठरातून किती वेगाने पुढे जातं याचा स्कॅन केला, आणि डॉक्टरांना हवं ते त्यातच मिळालं. मामा अजून चतकोर भाकरी वरणात कुस्करून खातात, अन् उशाला दोन तक्के लावल्याशिवाय आडवे होत नाहीत.