मदत हवी आहे: शेतातली बोली आणि पाकिटावरची भाषा, पेज एकाच घरचं कसं वाटेल?

नमस्कार मंडळी. वसमतजवळच्या आमच्या गावात बचत गटातल्या आम्ही बायका हळद पावडर करतो. हळद आमच्याच शेतातली, सेलम जातीची. शिजवणं, वाळवणं, दळणं, पाकिटं भरणं सगळं इथंच. मोंढ्यावर, म्हणजे घाऊक बाजारात, हळकुंड घालण्यापेक्षा पावडर थेट घरोघर गेली तर दोन पैसे जास्त सुटतात, म्हणून इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सअॅप सुरू केलं. ऑर्डरी येतात. अडचण लिहिण्याची आहे.

पेजवर तिघं लिहितात. शेतातले व्हिडिओ माझे दीर काढतात आणि खाली दोन ओळी तेच टाकतात. ऑर्डर, भाव, पाकिटावरचा मजकूर माझ्याकडे. नांदेडला कॉलेजात असलेली पुतणी संध्याकाळी कमेंटला उत्तरं देते. दिरांचं लिहिणं असं असतं: "आज हळद शिजायली. वाफ बघा कशी निघायली. काडी टोचली की सटकन आत गेली पाहिजे, मग उतरवायची. जास्त शिजली की रंग जातोय." या व्हिडिओंना जेवढी विचारणा होते तेवढी दुसऱ्या कशालाच नाही. लोक फोनवर "ते काडी टोचणारे दादा आहेत का" असंच विचारतात. पण त्याच पेजवर जरा खाली गेलं की माझी पोस्ट दिसते, "आमचे उत्पादन उत्तम दर्जाचे असून ग्राहकांनी लाभ घ्यावा". आणि कमेंटमध्ये पुतणीचं "हो ना यार, थँक्यू सो मच".

पुण्यातले एक दुकानदार आमच्याकडून नियमित माल नेतात. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, "ताई, हळद चांगली आहे, पण तुमचं पेज गिऱ्हाइकाला दाखवायला नको वाटतं. एका जागी शेतकरी बोलतो, एका जागी तहसीलची नोटीस, एका जागी कॉलेजची पोरगी. नेमकं विकतंय कोण, तेच कळत नाही." मला त्यांचं पटलं.

दिवाळीच्या आधी पैसे देऊन एकाकडून सगळं लिहून घेतलं होतं. "निसर्गाच्या कुशीतून थेट आपल्या स्वयंपाकघरात" अशा ओळी आल्या. शुद्धलेखन चोख, चित्रं देखणी. पण विचारणा आटली. एका जुन्या गिऱ्हाईक आजीबाईंनी फोन करून विचारलं, "माय, पेज दुसऱ्या कुणाला दिलं का?"

मला दिरांची बोली काढायची नाही. आमच्या हळदीवर लोकांचा जो विश्वास बसलाय तो त्या बोलण्यामुळंच बसलाय, असं माझं ठाम मत आहे. पण दुकानदाराला, उद्या एखाद्या निर्यातदाराला पेज दाखवलं तर हे लोक धंदा नीट करतात असंही वाटलं पाहिजे. बोली कुठवर चालते आणि कुठं थांबवायची? मी स्वतः लिहिताना दिरांसारखं लिहू का, की तिघांनीही मधली एकच भाषा धरायची? आणि तक्रार आली तर उत्तर कोणत्या सुरात द्यायचं? परवा एकानं "रंग फिका आहे, भेसळ वाटते" असं लिहिलं. पुतणीनं उत्तर दिलं, "काका, तुम्हाला बाजारातल्या रंगाची सवय झालीय!" तिचा रोख खरा असेल, पण ते गिऱ्हाईक परत बोललं नाही.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा.

तूरडाळ_लातूर:
ताई, आमच्या डाळ मिलचं पेज मी बघतो, हाच गुंता आमच्याकडं होता. भाषा एक करायला जाऊ नका. दिरांनी दिरांसारखंच बोलावं, तुम्ही त्यांच्यासारखं लिहायला गेलात तर ते ओढूनताणून वाटेल. एकच ठेवायची ती माहिती. प्रत्येक पोस्टच्या शेवटी तीच चार ओळींची पट्टी: वजन, दळल्याची तारीख, ऑर्डर कुठं करायची, माल किती दिवसांत पोचतो. ती एकदाच नीट प्रमाण मराठीत लिहा आणि कुणी हात लावायचा नाही. व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय असतात, तिघांच्याही फोनला तीच उत्तरं भरून ठेवा. हळद एकाच्या पोस्टमध्ये १ किलो आणि दुसऱ्याच्या तोंडी "किलोभर" असं झालं की गिऱ्हाईक भांडतं. बोलीनं कुणी भांडत नाही.

तुमची ती "लाभ घ्यावा" वाली ओळ मात्र काढून टाका. दुकानदाराला बहुतेक तीच खटकली असणार. तुम्ही इथं जसं लिहिलंत, तसंच पेजवर लिहा. हा तुमचा आवाज चांगलाय.

गोदाकाठ:
मी परभणीला अन्नप्रक्रियेतल्या लहान उद्योगांचे लेबलचे कागद बघते. सुरापेक्षा मोठी गोष्ट सांगते. समाजमाध्यमावरची पोस्ट कायद्यानं जाहिरातच असते. अन्नसुरक्षा कायद्यातल्या जाहिरातीच्या व्याख्येत इंटरनेट आणि वेबसाइट आहेत, आणि दाव्यांबद्दलचे २०१८ चे नियम कॅप्शनलाही लागू होतात. हळदीच्या पेजवर हमखास घसरायला होतं ते "शुगरवर रामबाण", "कॅन्सर होत नाही" अशा वाक्यांवर. मधुमेह आणि कर्करोग ही दोन्ही नावं १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या यादीत आहेत. बोलीत म्हटलं म्हणून सूट नाही. दीर व्हिडिओत ओघात बोलून जातील, त्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसरं, वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. पण पाकिटावर किंवा पेजवर मानांकित म्हणून विकायचं तर १९९९ च्या कायद्याखाली तुमच्या गटाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. नोंद होईपर्यंत "वसमतजवळच्या आमच्या शेतातली" एवढंच लिहा. ते खरंही आहे आणि ऐकायलाही गोड आहे.

भेसळीच्या कमेंटला दुसऱ्याच्या मालाचं नाव काढू नका. पावडरचा रंग जातीवर, शिजवण्यावर आणि वाळवण्यावर ठरतो, हे साध्या शब्दांत सांगा आणि त्या घाण्याचा (एका वेळी दळलेल्या मालाचा) तपासणी अहवाल असेल तर तोच पाठवा.

मोसंबी_जालना:
गिऱ्हाईक म्हणून सांगतो. मला बोली आवडते, "यार" नाही आवडत. मी साठीचा माणूस, माझे पैसे घेऊन मला यार कशाला म्हणता? अहो-जाहो ठेवून पण गोड बोलता येतं, आमच्याकडं तर येतंच.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिघं बसून बोललो. पुतणीला "यार" सोडायला सांगितलं, ती हसून हो म्हणाली. तिला एक चांगलं सुचलं: तक्रारीला उत्तर देणाऱ्यानं खाली आपलं नातं लिहायचं, "गटातर्फे पुतणी" असं. म्हणजे वेगळा सूर आला तरी कोण बोलतंय ते कळेल. फिक्या रंगाच्या त्या काकांना मी हे पाठवलं: "नमस्कार. तुमच्या पाकिटावरची दळल्याची तारीख कळवाल का? त्या घाण्याची तपासणी झाली असेल तर अहवाल पाठवते. हळद उन्हात वाळवलेली आहे, त्यात रंग घातलेला नाही. तरी मन मानत नसेल तर पाकीट परत घेऊ, पैसे देऊ." त्यांनी तारीख पाठवली आहे.

पट्टी लिहून झाली. दिरांचं म्हणणं, व्हिडिओत भाव पण सांगतो म्हणजे लोक परत परत विचारणार नाहीत. सांगू द्यावा का?

तूरडाळ_लातूर:
नाही. भाव बदलतो आणि व्हिडिओ वर्षभर फिरत राहतो, मग जुन्या भावानं माल मागणारे येतात आणि त्यांना समजावण्यात तुमचं तोंड दुखतं. भाव फक्त व्हॉट्सअॅपच्या कॅटलॉगमध्ये ठेवा, बदलला की तिथंच बदला. दिरांना सांगा, व्हिडिओत ओली हळद वाळून किती राहते ते बोला. पाचवा हिस्सा राहतो म्हटलं की भाव असा का, ते माणसाला आपोआप कळतं.