खांदेरी-उंदेरी आणि दीपगृह: कोण कोण गेलंय? अनुभव लिहा

परवा अलिबागजवळच्या थळहून खांदेरीला, म्हणजे समुद्रातल्या बेटावरच्या किल्ल्यावर, जाऊन आलो (उंदेरी हे शेजारचं बेट), अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून धागा काढतोय. चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून होडीत चढलो, डिझेल आणि सुक्या मासळीचा मिक्स वास, आणि निघतानाच तांडेलने (होडी चालवणाऱ्याने) सांगितलं की आज उंदेरीला होडी लागायची नाही, लाट बघा. मी मनात म्हटलं समोर तर दिसतंय की! जवळ गेल्यावर कळलं. खांदेरीला धक्का आहे, तिथे उतरलो. दीपगृह १८६७ चं, आठ कोनी, साधारण २५ मीटर उंच. तोफा अजून गाड्यांवर बसलेल्या आहेत, बाकी किल्ल्यांवर तोफा नुसत्या मातीत लोळत असतात त्यामुळे हे बघून बरं वाटलं. आणि तो दगड, ज्यावर दुसरा दगड मारला की भांड्यासारखा वाजतो, मी येड्यासारखा दहा मिनिटं वाजवत बसलो.

*

उंदेरीला मी उतरलोय, दोनदा. पहिल्यांदा भरती होती म्हणून सुखरूप. दुसऱ्यांदा ओहोटी लागलेली असताना शहाणपणा करून खडपावर उडी मारली, खडपाला सगळी कालवं, तळपाय उभा फाटला आणि तसाच लंगडत तटबंदी बघितली. पण बघाच. खांदेरी महाराजांनी १६७९ ला बांधायला घेतला, इंग्रज आडवे आले तरी महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी हटला नाही, मग जंजिऱ्याच्या सिद्दीने उंदेरी धरला. दोन्ही बेटं एका नजरेत बसतात, शेजाऱ्याच्या खिडकीत तोफ लावल्यासारखं प्रकरण आहे.

*

आम्ही तिकडचेच. किल्ला वगैरे तुम्ही लोक म्हणता, आमच्यासाठी तो वेताळाचा खांदेरी. नवी होडी झाली की आधी नारळ तिकडे. माझा आजा शिडावर जायचा, वारा पडला की वल्ही मारत, आणि रात्री दिव्याची फेक मोजून कुठे आहोत ते ओळखायचा. आता सगळ्यांच्या खिशात जीपीएस. तरी बाबा अजून दिवाच बघतो.

*

एकच सल्ला, येण्या-जाण्याचे मिळून पैसे किती ते किनाऱ्यावरच ठरवा. आमच्या वेळी परतीला अर्ध्या वाटेत इंजिन बारीक करून रेट वाढवला, तिथून काय उतरणार आहात?

*

थोडं अवांतर, पण सिंधुदुर्गातल्या निवतीहून वेंगुर्ला रॉक्सला, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ बेटांकडे, कोणी गेलंय का? तिथेही दीपगृह आहे, खालच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची घरटी. आम्ही लांबूनच फेरी मारली, लाट अशी की आईने डोळेच उघडले नाहीत, पक्षी, दीपगृह सगळं नंतर माझ्या फोटोत बघितलं.

*

वरचं वाचून आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी परवानगी काढून खांदेरीच्या दीपगृहावर चढलो होतो. गोल गोल जिना, वर काचेची ती अवाढव्य लेन्स, आणि गॅलरीत वारा असा की टोपी गेली ती गेलीच. ड्युटीवरच्या काकांनी काळा चहा दिला, दूध संपलेलं. हवामान खराब झालं की होडी येत नाही, मग असेल त्यात भागवायचं म्हणाले. मी आपलं सहज विचारलं, पुढच्या खेपेला येताना काय आणू? मला वाटलं पेपर मागतील, मासिक मागतील. म्हणाले, कोथिंबीर आण रे, जुडीभर.