लाउडनेसचा पहिला अल्बम ऐकण्याआधीच निकाल लावणाऱ्यांसाठी

कृष्णविवर:
परवा जपानी हेवी मेटल बँड लाउडनेसबद्दल एका महाशयांनी लिहिलं, "जपानी मेटल ऐकायचं तर 'थंडर इन द ईस्ट'पासून सुरू करा. 'द बर्थडे ईव्ह' म्हणजे आयर्न मेडन आणि व्हॅन हेलन या बँडांची उचलेगिरी." डोकंच सटकलं. अहो, 'द बर्थडे ईव्ह' त्यांचा पहिलाच अल्बम, नोव्हेंबर १९८१चा! मेडनचा 'किलर्स' त्याच वर्षीचा आणि मेटॅलिकाची तेव्हा कुठे जुळवाजुळव चाललेली. गिटारवाला अकिरा ताकासाकी जेमतेम वीस वर्षांचा. तो आणि ड्रमर मुनेताका हिगुची 'लेझी' नावाच्या बँडमधून आलेले. बँडचं नाव डीप पर्पलच्या गाण्यावरून ठेवलेलं, पण कंपनीनं त्यांना नटवून शाळकरी पोरींसमोर उभं केलं. ते सगळं सोडून या पोरांनी पहिल्या अल्बमवर 'टू बी डीमन'सारखं गाणं वाजवलं. याला उचलेगिरी म्हणायचं?

फुकटफौजदार:
ते महाशय मीच. वयाचं कौतुक शाळेच्या स्नेहसंमेलनात करा. ताकासाकीचं टॅपिंग (गिटारच्या तारांवर दोन्ही हातांची बोटं आपटून वाजवणं) ऐकून एडी व्हॅन हेलन आठवत नाही म्हणणाऱ्यानं कान तपासून घ्यावेत. रेकॉर्डिंगही कोरडं. 'थंडर'ला मॅक्स नॉर्मन निर्माता होता, फरक लगेच कळतो. तो अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७४व्या नंबरापर्यंत गेला. पहिला गेला का?

कृष्णविवर:
बिलबोर्डवर जायला आधी अमेरिकेत निघावा लागतो, साहेब. आणि एडीची छाप १९८१मध्ये कुणावर नव्हती, एक नाव सांगा.

जहाजी_पुतण्या:
काकांनी कोबेहून कॅसेट आणली होती, त्यात हा अल्बम. कव्हरवरचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. ओळी जपानी आणि मधेच इंग्रजी ललकारी, तेवढीच आम्ही बोंबलायचो. रेकॉर्डिंग कोरडं वगैरे आमच्या टेपरेकॉर्डरला कधी कळलंच नाही. पुढचे इंग्रजी अल्बम ऐकले तेव्हा गायक मिनोरू नीहारा एकेक शब्द चाचपत गातोय असं वाटलं. जपानीत तोच माणूस मोकाट सुटतो.

अण्णा_बेसवाले:
हे बरोबर बोललात! अमेरिकन कंपनीच्या नादानं वाट लागली. इंग्रजी, इंग्रजी करत शेवटी १९८८मध्ये नीहारालाच काढला आणि अमेरिकन गायक माइक व्हेसेरा आणला. आपल्या घरातल्या माणसाला उच्चारांपायी बाहेर काढायचं!

फुकटफौजदार:
अण्णा, विषय पहिल्या अल्बमचा आहे. आणि व्हेसेरा नीहारापेक्षा चांगला गायक होता. घ्या, बोललो.

अण्णा_बेसवाले:
चांगला म्हणजे काय? सुरात? सुरात तर लिफ्टमधलं संगीतही असतं. व्हेसेराचा 'सोल्जर ऑफ फॉर्च्यून' अल्बम ऐका, कुठल्या देशाचा बँड आहे ते सांगा!

जहाजी_पुतण्या:
अण्णा, शांत. २००१मध्ये मूळचे चौघं पुन्हा एकत्र आले, नीहाराही आला.

अण्णा_बेसवाले:
आला, पण मधली उमेदीची वर्षं कोण भरून देणार? आणि २००८मध्ये हिगुची कॅन्सरनं गेलाच. आमच्या बँडमध्येही असाच एक इंग्रजी झाडणारा आणून बसवला होता. वर्षभरात बँड बंद. मी गप्प बसणार नाही.

योकोहामावासी:
थोडं वेगळं. ऑफिसच्या कराओकेत आमचे पन्नाशीपुढचे साहेब लेझीचं 'आकाझुकिन-चान गोयोजिन' गायले. टाय सैल करून, हातवाऱ्यांसकट. मी म्हटलं, यातला गिटारवाला पुढे लाउडनेसमध्ये गेला. साहेब म्हणाले, तो वेगळा, नावं सारखी असतील! त्यांना फक्त गायक कागेयामा आठवतो, कारण पुढे 'ड्रॅगन बॉल झेड' या कार्टून मालिकेचं गाणं त्याचं. तेव्हा ही मंडळी केवढी उडी मारून आली होती ते कळायला आधी लेझी ऐका.

फुकटफौजदार:
ऐकलं. तीन मिनिटं सहन केलं. मान्य, उडी मोठी आहे. पण उडी मोठी म्हणून अल्बम मोठा होत नाही. 'सेक्सी वुमन' आणि 'स्ट्रीट वुमन', एकाच अल्बमवर दोन-दोन वुमन, आणि दोन्ही भरताड.

कृष्णविवर:
'स्ट्रीट वुमन' भरताड?? त्यातला बेस ऐकलात का, की मोबाइलच्या स्पीकरवरच निकाल दिलात?

फुकटफौजदार:
हेडफोनवर. बरं, बेस ठीक. हिगुचीही ठीक. 'टू बी डीमन' तर तुमच्याआधी माझ्या यादीत होतं. बाकी पाच गाणी तुम्हाला लखलाभ.

अण्णा_बेसवाले:
आणि व्हेसेराचं काय? उत्तर दिलं नाहीत.