ओसीआय आणि वडिलोपार्जित शेती

ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) हे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड. 'ओसीआय कार्ड काढलं की दोन्ही देशांचे नागरिक' असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. नागरिकत्व कायदा, 1955 च्या कलम 9 नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा आणि काही सवलती. मतदान नाही, निवडणूक लढवणं नाही.

खरी अडचण येते ती शेतीत, आणि तिच्यावर सहसा कुणी बोलत नाही. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही हे बहुतेकांना माहीत असतं. बक्षीसपत्रानेही घेता येत नाही, हे मात्र नसतं. वारसाहक्काने चालते. माझ्या चुलत्यांना अमेरिकन नागरिक झालेल्या मुलाच्या नावे हयातीतच जमीन करायची होती, मुद्रांकाची चौकशीही झाली होती. वकिलांनी वेळीच थांबवलं आणि मृत्युपत्र करायला लावलं. पुढे वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर मुलाचं नाव लागलं. आता विकायची तर भारतात राहणाऱ्यालाच, आणि आपल्याकडच्या कूळ कायद्यामुळे घेणाराही सहसा शेतकरीच लागतो. घरात कुणी परदेशी नागरिकत्व घेणार असेल, तर जमिनीच्या वाटण्या कृपा करून त्याआधी उरकून घ्या.