सेंटओएस ७ वर पायथन ३.१२ बिल्ड झालं, पण एसएसएल मॉड्यूल नाही

सर्व्हरवाला: एका पतसंस्थेच्या सेंटओएस ७ (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हरवर पायथन ३.१२ सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बिल्ड केलं. मेक (बिल्ड करणारी आज्ञा) बिनतक्रार पार पडलं. आता पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारं साधन) चालवलं की एसएसएल, म्हणजे सुरक्षित जोडणीचं, मॉड्यूल उपलब्ध नाही म्हणतं. ते ज्यावर चालतं त्या ओपनएसएसएल लायब्ररीचं डेव्हल (बिल्डसाठी लागणारं) पॅकेज टाकलेलं आहे आणि पायथनच्या हॅशलिबमधून शा-२५६ हा हॅश नीट निघतो. मग अडतंय कुठे? ओएस लगेच बदलता येणार नाही.

रूटवाला: सेंटओएस ७ चं ओपनएसएसएल १.०.२ आहे. पायथनला ३.१० पासून किमान १.१.१ लागतं. एपेल या जादा पॅकेजेसच्या भांडारातलं ओपनएसएसएल११-डेव्हल टाका, पण पॅकेज-कॉन्फिगमध्ये (लायब्ररी शोधून देणारं साधन) त्याचं नाव वेगळं असल्याने कॉन्फिगर फाइलमध्ये ते बदलावं लागेल.

जुना_संकलक: वरच्या उपायाने काम होईल, पण पतसंस्थेच्या सर्व्हरवर मी तो करणार नाही. १.१.१ चा मोफत आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला. तिथे लोकांचे पैसे आहेत.

मेक थांबलं नाही, कारण _एसएसएल आणि _हॅशलिब ही ओपनएसएसएलवर चालणारी पायथनची ऐच्छिक मॉड्यूल्स आहेत. लायब्ररी सापडली नाही तर ती वगळून बिल्ड पुढे जातं आणि शेवटी वगळलेल्यांची यादी छापतं. ती यादी शेकडो ओळींच्या गर्दीत नजरेतून सुटते. शा-२५६ वर विसंबू नका, त्याचा स्वतंत्र कोड पायथनमध्येच असतो. पीबीकेडीएफ२ (पासवर्ड हॅश करण्याची पद्धत) मात्र पायथन ३.१२ पासून फक्त ओपनएसएसएलकडूनच मिळतं, आणि जँगो हे पायथनचं वेब फ्रेमवर्क पासवर्डसाठी मुळात तेच वापरतं. म्हणजे सर्व्हरवर जँगो असेल, तर पिप बाजूला ठेवलं तरी लॉगिन अडेल.

ओपनएसएसएल ३.० वेगळ्या फोल्डरमध्ये बिल्ड करा. आधी पर्लचं आयपीसी-सीएमडी पॅकेज लागेल. लिबडिर (लायब्ररीच्या फोल्डरचं नाव) ‘लिब’ ठेवा, नाहीतर फाइल्स लिब६४ मध्ये जातात आणि पायथनला सापडत नाहीत. ओपनएसएसएलडिर (सेटिंग्ज आणि प्रमाणपत्रांचं फोल्डर) /ईटीसी/पीकेआय/टीएलएस द्या, म्हणजे सिस्टिमचीच प्रमाणपत्रं वापरली जातील. मग पायथनच्या कॉन्फिगरला विथ-ओपनएसएसएलमध्ये त्या वेगळ्या फोल्डरचा मार्ग द्या आणि विथ-ओपनएसएसएल-आरपाथला ‘ऑटो’, म्हणजे चालतानाही पायथनला तीच लायब्ररी सापडेल.

आणि कळकळीने सांगतो, बिल्ड स्क्रिप्टमध्ये मेकनंतर लगेच एसएसएल आणि _हॅशलिब इम्पोर्ट करून बघा. जमलं नाही तर स्क्रिप्ट तिथेच थांबली पाहिजे. पायथनसाठी ऐच्छिक असलं तरी तुमच्या सर्व्हरसाठी ते सक्तीचंच आहे.

सर्व्हरवाला: लिब६४ चीच अडचण आली होती, लिबडिर दिल्यावर सुटली. एसएसएल मॉड्यूल आता आवृत्ती ३.० दाखवतंय. इम्पोर्टची तपासणी स्क्रिप्टमध्ये टाकली आहे.